दोघा भावांची फर्म प्रायव्हेट लिमिटेड करायची आहे, कायदा काय काय मागेल?

प्रश्न थोडक्यात असा. सांगलीकडचे दोघे भाऊ हळद आणि मसाल्यांची भागीदारी फर्म चालवतात. उलाढाल साडेतीन कोटींच्या आसपास आहे. एका मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदी विभागाने सुचवलं, की प्रायव्हेट लिमिटेड झालात तर बोलणी पुढे सरकतील. ओळखीतले एक जण म्हणाले, कंपनी केली की कर कमी आणि घरादाराला धोका नाही. दुसरे म्हणाले, कंपनी म्हणजे कागदपत्रांचा ससेमिरा, भानगडीत पडू नका. थोरले बंधू विचारताहेत की यातलं खरं काय, आणि पहिलं पाऊल टाकण्याआधी काय समजून घ्यावं.

मी पुण्यात कंपनी सेक्रेटरी म्हणून प्रॅक्टिस करतो. घरगुती फर्मच्या कंपन्या करणं आणि पुढे त्यांचे ठराव, रिटर्न सांभाळणं हेच रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला भेटलेले दोघेही अर्धं बरोबर बोलले. कंपनी कायद्यात जेवढे फॉर्म, मुदती आणि दंड आहेत ते सगळे एकाच देवघेवीतून आले आहेत. सरकार तुम्हाला सवलत देतं, की धंद्याचं देणं तुमच्या घरापर्यंत येणार नाही. त्या बदल्यात सरकार मागतं, की धंद्याचा हिशेब घरापासून वेगळा ठेवा आणि तो कुणालाही बघता येईल असा उघडा ठेवा. ही अट मनापासून मान्य असेल तर कंपनी करा. नसेल तर नुसत्या 'प्रा. लि.' या अक्षरांसाठी करू नका.

आधी तुमची आजची स्थिती बघू. भागीदारी १९३२ च्या कायद्यावर चालते. तिथे फर्म आणि भागीदार वेगळे नाहीत. फर्मचं देणं फिटलं नाही तर येणेकरी दोघांपैकी कुणाकडेही, पूर्ण रकमेसाठी, येऊ शकतो. धाकट्या भावाने फर्मच्या नावावर केलेल्या उधारीसाठी थोरल्याचा प्लॉटही जप्तीत जाऊ शकतो. आणि एक गोष्ट आजच तपासा: फर्म निबंधकांकडे नोंदलेली आहे का? पुष्कळांकडे नोटरी केलेला भागीदारी करार असतो, पॅन असतो, जीएसटी असतो, बँकेत खातं असतं, आणि तेवढ्यावर 'आमची फर्म रजिस्टर आहे' असं ते समजतात. फर्म निबंधकाच्या नोंदवहीत नाव नसेल तर कलम ६९ प्रमाणे फर्मला कराराच्या जोरावर बाहेरच्यावर दावाच लावता येत नाही. उद्या एखाद्या व्यापाऱ्याने चाळीस लाख थकवले आणि त्याच्या वकिलाने पहिल्याच तारखेला हा मुद्दा काढला, तर तुमची बाजू कितीही खरी असली तरी दावा तिथेच अडकतो. कंपनी करा वा न करा, ही नोंदणी करून घ्या.

मधला एक पर्याय एलएलपीचा. २००८ च्या कायद्याने आलेली ही मर्यादित जबाबदारीची भागीदारी. संचालक मंडळ नाही, वार्षिक सभा नाही, वर्षाला मुख्य फॉर्म दोन, आणि उलाढाल ४० लाख किंवा भागीदारांची गुंतवणूक २५ लाख यांच्या आत असेल तर कायद्याने ऑडिटही सक्तीचं नाही. तुमची उलाढाल ४० लाखांच्या कितीतरी वर असल्यामुळे ऑडिट लागेल असंच धरून चाला. कर मात्र भागीदारीसारखाच. बाहेरचा गुंतवणूकदार घ्यायचा विचार नसेल आणि धोका तेवढा कमी करायचा असेल, तर ही गोष्ट गंभीरपणे विचारात घ्या. त्या दुकानसाखळीलाही लेखी विचारा की एलएलपी चालेल का. पुष्कळदा त्यांना हवा असतो तो ऑडिट झालेला ताळेबंद आणि सरकारी नोंदणीक्रमांक, आणि एलएलपीकडे दोन्ही असतात.

आता कंपनी. कंपनी ही कायद्याच्या नजरेत तुमच्याहून वेगळी व्यक्ती आहे. तिचं नाव वेगळं, पॅन वेगळा, बँक खातं वेगळं, मालमत्ता वेगळी. १८९७ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सॉलोमन नावाच्या चामड्याच्या बूट व्यापाऱ्याच्या खटल्यात हे पक्कं केलं. जवळपास सगळे शेअर एकाच माणसाचे असले तरी कंपनी म्हणजे तो माणूस नव्हे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली मुंबईच्या बाचा गझदर यांच्या प्रकरणात तेच सांगितलं. चहाच्या मळ्याच्या कंपन्यांकडून त्यांना लाभांश मिळत होता. कंपनीच्या उत्पन्नाचा ६०% भाग शेतीचा म्हणून करमुक्त होता, तेव्हा आपला लाभांशही तेवढ्या प्रमाणात शेतीचं उत्पन्न धरावा असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. मळे कंपनीचे आहेत. भागधारकाला हक्क आहे तो कंपनी जाहीर करील त्या लाभांशावर, मळ्यांवर नाही.

हे पुस्तकी वाटेल, पण रोजच्या व्यवहारात सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. समजा जूनमध्ये मुलीच्या इंजिनिअरिंगची फी भरायची आहे, दोन लाख. फर्ममध्ये तुम्ही चेक लिहिता, दिवाणजी ती रक्कम तुमच्या भांडवल खात्यात नावे टाकतात, विषय संपला. कंपनीत तोच चेक लिहिला तर ऑडिटर विचारणार की ही रक्कम कशापोटी गेली. पैसे तुमच्याकडे येण्याच्या कायदेशीर वाटा मोजक्या आहेत. संचालक म्हणून पगार, ज्यावर टीडीएस कापला जातो. कारखान्याची जागा तुमच्या नावावर असेल तर भाडं, त्याचा करार हवा. नफ्यातून लाभांश, त्याचा ठराव हवा. किंवा तुम्ही आधी कंपनीला कर्ज दिलं असेल तर त्याची परतफेड. यांपैकी काहीच नसेल तर ती रक्कम म्हणजे कंपनीने संचालकाला दिलेलं कर्ज. कंपनी कायद्याच्या कलम १८५ मध्ये त्यावर निर्बंध आहेत. खासगी कंपनीला काही अटींवर सूट मिळते खरी, पण प्राप्तिकर कायदा सोडत नाही. १०% किंवा जास्त मताधिकार असलेल्या भागधारकाला कंपनीने कर्ज दिलं, तर कंपनीत साठलेल्या नफ्यापुरती ती रक्कम लाभांश धरली जाते आणि त्यावर कर लागतो. पैसे तुम्ही पुढच्या महिन्यात परत भरले तरीही. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो की दोघांनीही दरमहा घर चालेल एवढा पगार पहिल्या महिन्यापासून ठरवून घ्या आणि कंपनीच्या खात्याला घरखर्चासाठी हात लावू नका.

उलट दिशेने, म्हणजे कंपनीत पैसे घालतानाही नियम आहेत, आणि हळदीच्या धंद्यात ते जास्त टोचतात. हंगामात माल भरायचा म्हणून पाहुण्यांकडून, मित्राकडून, शेजारच्या गाळेवाल्याकडून दोन-चार महिन्यांसाठी पाच-दहा लाख उचलायची पद्धत आहे. फर्ममध्ये हे चालून जातं. खासगी कंपनीने बाहेरच्या व्यक्तीकडून असे पैसे घेतले तर त्या ठेवी ठरतात आणि त्या घ्यायला मनाई आहे. संचालकाकडून किंवा संचालकाच्या नातेवाइकाकडून घेता येतात, पण 'हे पैसे मी दुसऱ्याकडून कर्ज काढून आणलेले नाहीत' असं त्याने लिहून द्यावं लागतं. दरवर्षी ३० जूनपर्यंत डीपीटी-३ हा फॉर्म भरून अशी सगळी घेतलेली कर्जं सरकारला कळवावी लागतात. ठेवींचा नियम मोडला तर जबाबदार अधिकाऱ्यांना सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. इतकी कडक शिक्षा का, तर लोकांचे पैसे गोळा करून बुडवणाऱ्यांचा आपल्याकडचा इतिहास मोठा आहे. तुमची दानत चांगली असली तरी नियम तुम्हालाही तोच. हंगामासाठी बँकेकडून कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून घ्या किंवा गोदाम पावतीवर कर्ज घ्या, ते सरळ पडतं.

'घरादाराला धोका नाही' हे कितपत खरं? कायद्याप्रमाणे तुमची जबाबदारी शेअरची जी रक्कम भरायची राहिली असेल तेवढीच. सगळी भरलेली असेल तर शून्य. एखाद्या अडत्याचं किंवा पॅकिंगवाल्याचं देणं कंपनी भागवू शकली नाही, तर तो तुमच्या घरावर येऊ शकत नाही. हा फायदा खरा आहे आणि मोठा आहे. पण त्याला चार भोकं आहेत. पहिलं, बँक. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची वैयक्तिक हमी घेतेच. एकदा ती सही झाली की त्या कर्जापुरती मर्यादित जबाबदारी संपली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया पार पडली म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही. दुसरं, चेक. कंपनीचा चेक परत गेला तर कंपनीबरोबर, त्या वेळी जो कारभार बघत होता त्या संचालकावरही फौजदारी तक्रार होते. तिसरं, कर. खासगी कंपनीचा जीएसटी किंवा प्राप्तिकर वसूल होत नसेल तर तो संचालकांकडून वसूल करता येतो. हे आपल्या हयगयीमुळे झालं नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी संचालकावर असते. चौथं, फसवणूक. कलम ४४७ मध्ये दहा वर्षांपर्यंत कैद आहे आणि तिथे कंपनीचा पडदा कामाला येत नाही. त्यामुळे वहिनींना किंवा आईला 'नावापुरतं' संचालक करू नका. नावापुरता संचालक अशी जागा कायद्यात नाहीच. घरातल्यांना हिस्सा द्यायचा असेल तर शेअर द्या, संचालकपद नको.

कराचं गणित स्वतः मांडून बघा. फर्मला ३०% आणि त्यावर ४% उपकर, म्हणजे ३१.२%. एक कोटीवर उत्पन्न गेलं तर वर अधिभार. कंपनीने सवलती सोडून २२% चा पर्याय घेतला तर अधिभार-उपकर धरून २५.१६८% होतात. दोघांचा मोबदला वजा जाऊन ४० लाख नफा उरला असं धरा. फर्म १२ लाख ४८ हजार कर भरेल, आणि उरलेले साडेसत्तावीस लाख तुम्ही घरी नेलेत तर त्यावर पुन्हा कर नाही. कंपनी साधारण १० लाख ७ हजार भरेल, पण उरलेले तीस लाख लाभांश म्हणून काढलेत तर तुमच्या हातात तुमच्या स्लॅबप्रमाणे पुन्हा कर. म्हणजे नफा धंद्यातच ठेवून नवी दळणाची लाइन, नवं गोदाम करणार असाल तर कंपनी फायद्याची. सगळा नफा दरवर्षी घरी नेणार असाल तर एकूण कर बहुधा जास्तच भरावा लागेल. हा निर्णय दोन्ही घरांनी बसून घ्यायचा आहे. तुमचे सीए आकडे काढून देतील, पण घरात किती पैसे लागतात ते त्यांना माहीत नसतं.

आता ज्या गोष्टीवर लोक सगळ्यात कमी वेळ देतात आणि मी सगळ्यात जास्त द्यायला लावतो, ती. कंपनीची घटनापत्रं दोन असतात. एकात कंपनीचे उद्देश, दुसऱ्यात आतल्या कारभाराचे नियम, ज्याला आर्टिकल्स म्हणतात. ऑनलाइन नोंदणीत आर्टिकल्सचा कायद्यातला तयार नमुना समोर येतो आणि बहुतेक जण तो जसाच्या तसा उचलतात. पन्नास-पन्नास टक्के असलेल्या दोन भावांसाठी तो नमुना धोक्याचा आहे. त्यात संचालकांच्या सभेत मतं समसमान पडली तर अध्यक्षाला एक जादा, निर्णायक मत आहे. अध्यक्ष सहसा थोरला भाऊ. म्हणजे कागदावर निम्मा मालक असलेला धाकटा भाऊ मंडळात कायमचा अल्पमतात गेला, आणि हे त्याला भांडण झाल्यावरच कळतं. तुम्ही थोरले आहात. हे बंधूंना आधी तुम्हीच सांगावं असं मला वाटतं.

शेअरचंही तसंच. 'आपल्यातला कुणी बाहेर पडला तर आधी दुसऱ्याला विचारायचं' असं तोंडी ठरलेलं असतं. तमिळनाडूतल्या एका कौटुंबिक कंपनीत दोन शाखांचे निम्मे-निम्मे शेअर होते आणि नेमकं असंच ठरलेलं होतं, पण आर्टिकल्समध्ये त्याचा उल्लेख नव्हता. १९९१ मध्ये रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आर्टिकल्समध्ये नसलेलं असं बंधन कंपनीला किंवा भागधारकांना लागू नाही. तेव्हा हे सगळं आर्टिकल्समध्येच लिहून घ्या: शेअर आधी कुणाला द्यायचे, किंमत कोण आणि कोणत्या पद्धतीने काढणार, पैसे किती हप्त्यांत, एक भाऊ गेला तर त्याच्या बायकोमुलांना शेअर मिळतील की रक्कम, मुलं मोठी झाली की कारभारात कशी येणार, आणि दोघांचं एकमत झालंच नाही तर कुणाचा शब्द मानायचा. काही घरांत मामांना किंवा विश्वासातल्या वकिलांना तिसरा संचालक करतात. काही ठिकाणी एक टक्का शेअर आईच्या नावावर ठेवतात. दोन्ही चालतं, फक्त लिहिलेलं हवं. नंतर बदल करायचा तर विशेष ठराव लागतो, म्हणजे तीन चतुर्थांश मतं, आणि पन्नास टक्केवाला तो सहज अडवू शकतो. भांडण लागलंच तर वाट राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाते. तिथे निकाल लागेपर्यंत धंदा थांबून राहतो. आर्टिकल्ससाठी एक पूर्ण दिवस द्या, दोन्ही वहिनींनाही बसवा.

नोंदणी स्वतः सोपी आहे. किमान दोन भागधारक, दोन संचालक, त्यांतला एक वर्षात किमान १८२ दिवस भारतात राहणारा. किमान भांडवलाची अट २०१५ मध्ये गेली. स्पाइस प्लस या एकाच ऑनलाइन अर्जात नाव, नोंदणी, पॅन, टॅन (टीडीएस भरण्यासाठीचा क्रमांक), पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) आणि महाराष्ट्रात व्यवसाय कर, सगळं होतं.

तुमची फर्मच कंपनीत रूपांतरित करायची असेल तर कलम ३६६ ची वाट आहे. तीत एका इंग्रजी आणि एका मराठी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि हरकतींसाठी २१ दिवस थांबावं लागतं. रूपांतरावर भांडवली नफ्याचा कर नको असेल तर काही अटी पाळाव्या लागतात. फर्मची सगळी मालमत्ता आणि देणी कंपनीत यायला हवीत, सगळे भागीदार आपापल्या भांडवल खात्याच्या प्रमाणात भागधारक व्हायला हवेत, त्यांना शेअरशिवाय दुसरा मोबदला मिळता कामा नये, आणि पुढची पाच वर्षं किमान ५०% मताधिकार त्यांच्याकडेच राहायला हवा. शेवटची अट नीट लक्षात ठेवा, कारण तिसऱ्या वर्षी एखादा गुंतवणूकदार आला आणि त्याला ६०% दिले, तर माफ झालेला कर परत उभा राहतो.

पॅन बदलला की त्यावर उभं असलेलं सगळं बदलतं. जीएसटी नवा, साठ्यावर आधी भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने वळवायचं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून असलेली सरकारी नोंदणी, नवी. अन्नसुरक्षेचा परवाना नवा, कारण तो दुसऱ्याला विकता किंवा देता येत नाही. आणि पाकीट! तुमच्या शंभर ग्रॅम हळदीच्या पाकिटावर मागे उत्पादकाचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, निव्वळ वजन, कमाल किंमत, ग्राहक तक्रारीचा फोन छापलेला असतो. वैध मापनशास्त्र (वजनमापाचा कायदा) आणि अन्नसुरक्षा दोन्हींच्या नियमांप्रमाणे ही माहिती खरी असायला हवी. गोदामात जुन्या नावाची छापील फिल्म रोलच्या रोल पडलेली असते आणि नोंदणीच्या गडबडीत तिची आठवण कुणालाच राहत नाही. मग तपासणीत तेच पाकीट पुढे येतं. तसंच ब्रँडचं नाव. ट्रेडमार्क कुणाच्या नावावर आहे ते बघा. तो एका भावाच्या वैयक्तिक नावावर असेल तर कंपनीकडे लेखी हस्तांतर करा, किंवा वापराचा करार करा. उद्या वाटण्या झाल्या तर यंत्रांपेक्षा त्या नावाचीच किंमत मोठी असेल.

कंपनी झाल्यावर घड्याळ सुरू होतं. ३० दिवसांत संचालकांची पहिली सभा, ३० दिवसांत पहिल्या ऑडिटरची नेमणूक. दोन महिन्यांत शेअर सर्टिफिकेट. भागभांडवलाचे पैसे कंपनीच्या खात्यात भरून १८० दिवसांत आयएनसी-२०ए हा धंदा सुरू करत असल्याचा फॉर्म, ज्याशिवाय धंदा सुरू करता येत नाही आणि कर्जही घेता येत नाही. कार्यालयाबाहेर कंपनीचं नाव आणि नोंदणीकृत पत्ता, तोही स्थानिक भाषेच्या लिपीत. हे कंपनी कायद्याच्या कलम १२ मध्येच आहे. दुकानं-आस्थापनांच्या राज्याच्या कायद्यात २०२२ पासून देवनागरी पाटीची सक्ती सगळ्यांना आहेच, आणि मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान नकोत. बिलावर, लेटरहेडवर २१ अक्षरांचा नोंदणीक्रमांक, पत्ता, फोन, ईमेल.

नंतर दरवर्षीचं चक्र. छोट्या कंपनीला वर्षात संचालकांच्या दोन सभा पुरतात, प्रत्येक सहामाहीत एक, मध्ये किमान ९० दिवसांचं अंतर. छोटी कंपनी कशाला म्हणायचं त्याची मर्यादा सरकार वाढवत आलं आहे. २०२२ मध्ये ती ४ कोटी भांडवल आणि ४० कोटी उलाढाल झाली, त्यामुळे तुम्ही आरामात आत आहात. ऑडिट उलाढाल कितीही असली तरी सक्तीचं. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहील अशी सोय चालूच ठेवावी लागते. जुन्या तारखेचं व्हाउचर मागाहून बदललं तर कुणी, कधी, काय बदललं ते ऑडिटरला दिसतं. ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा, त्यानंतर ३० दिवसांत ताळेबंदाचा एओसी-४ आणि ६० दिवसांत वार्षिक विवरणाचा एमजीटी-७ए. उशीर झाला तर दर फॉर्मला दर दिवशी १०० रुपये, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. दोन्ही फॉर्म एक वर्ष राहिले की ७३,००० रुपये. सलग तीन वर्षं भरलेच नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र. २०१७ मध्ये सरकारने अशा दोन लाखांहून जास्त कंपन्या नोंदवहीतून काढल्या, तेव्हा चालत्या धंद्याच्या कितीतरी संचालकांनाही त्याचा फटका बसला. आपण दुसऱ्याच एका बंद पडलेल्या कंपनीत संचालक होतो, याचा त्यांना विसर पडला होता. तुमच्यापैकी कुणी पूर्वी कुठे संचालक राहिलं असेल तर ते आधी तपासा.

भरलेले हे कागद जनतेसाठी खुले असतात. १०० रुपये भरून कुणीही तुमचा ताळेबंद वाचू शकतो: दुकानसाखळी, बँक, आणि मार्केट यार्डातला तुमचा स्पर्धकही. पुष्कळांना हे पहिल्यांदा ऐकून धक्का बसतो. पण तुम्हीही असंच करा. मोठी उधारी देण्याआधी समोरच्या कंपनीचा ताळेबंद काढून बघा. शंभर रुपयांत एवढी माहिती दुसरीकडे कुठे मिळत नाही.

विक्रेत्यांना थोडे थोडे शेअर देऊन भांडवल उभं करायचा विचार पुढे आला, तर थांबा. खासगी कंपनीत भागधारक २०० पर्यंतच. शेअर देऊ करायचे तर नावानिशी ऑफर पत्र, वेगळं बँक खातं, ६० दिवसांत वाटप, आणि कोणतीही जाहिरात नाही. व्हॉट्सॲप स्टेटसही जाहिरातच.

कामगार, प्रदूषण, अन्नसुरक्षा हे कायदे धंद्याला लागतात, तो कोणत्या रूपात चालतो याला नाही. ते आज फर्मलाही लागू आहेत. १० माणसांवर ईएसआय, २० वर पीएफ, १० वर लैंगिक छळ प्रतिबंधाची अंतर्गत समिती, मसाला दळण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत, त्यामुळे पगारपत्रकाची रचना सल्लागाराकडून पुन्हा तपासून घ्या. कंपनीचा म्हणून वेगळा २,५०० रुपये व्यवसाय करही दरवर्षी भरावा लागतो.

दुकानसाखळीशी करार करताना तुमच्या बाजूचा एक कायदा वापरा. तुम्ही उत्पादक आहात आणि उलाढाल १० कोटींच्या आत आहे, त्यामुळे यंत्रांतली गुंतवणूकही मर्यादेत असेल तर सूक्ष्म उद्योगात बसता. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलं तरी मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्राप्तिकरात खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. मात्र उद्यम नोंदणी माल पाठवण्याआधीची हवी, म्हणून कंपनी झाल्याझाल्या ती काढा आणि क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. करारातली माल परत पाठवण्याची, विक्री न झालेल्या मालाची आणि नुकसानभरपाईची कलमं वकिलांकडून वाचून घ्या. आणि कंपनी जन्माला येण्याआधी तिच्या नावाने सही करू नका. असा करार कंपनीवर आपोआप बंधनकारक होत नाही, अडकता ते सही करणारे तुम्ही.

माझं मत विचाराल तर: नफ्याचा मोठा भाग पुढची पाच-सात वर्षं धंद्यातच ठेवायची दोन्ही घरांची तयारी असेल तर प्रायव्हेट लिमिटेड करा. नसेल तर एलएलपी. दोन्हींत दर वर्षीचा ऑडिट, कंपनी सेक्रेटरी आणि फाइलिंगचा खर्च आधी लेखी विचारून घ्या. वेळेचं म्हणाल, तर सीए १ एप्रिलचा मुहूर्त सांगतील, कारण हिशेब स्वच्छ सुरू होतो. पण एप्रिल म्हणजे नव्या हळदीची आवक ऐन जोरात, आणि त्याच वेळी नवा जीएसटी, नवा परवाना, नवी पाकिटं. तुमच्या धंद्याला जुलै-ऑगस्ट जास्त सोयीचा. वर्षाच्या मध्ये दोन हिशेब तोडावे लागतील, पण माल अडकणार नाही.

तोवर तीन गोष्टी करून ठेवा: फर्मच्या नोंदणीचा उतारा, ट्रेडमार्क कुणाच्या नावावर आहे त्याची प्रत, आणि आर्टिकल्समध्ये काय हवं त्याची दोघांनी स्वतंत्रपणे लिहिलेली यादी. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की मतभेद कुठे आहेत ते लगेच दिसतं, आणि नोंदणीच्या आधी ते मिटवायला वेळही हाताशी असतो.